आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. गरीब घराच्या, गरीब गावाच्या आणि गरीब देशाच्या बाबतीत ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली. परंतु छोट्या कारखानदाराला नवे यंत्र किंवा नवी पद्धत शोधून काढण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाचा विचार करू लागले, की ही म्हण उलटी करून पाहावीशी वाटते. आडात पाणी आहे. काठोकाठ नसेल, पण आहे. तरीही आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोहऱ्यात ते फारसे येत नाही. असे का व्हावे?

हा प्रश्न कॉलेजच्या वार्षिकात आणि तोही कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थिनीने मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. "हा विषय इंजिनियरिंगवाल्यांचा, फार तर कॉमर्सवाल्यांचा, तुम्ही आपल्या कविता वाचा," असेही कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नात जितके लोखंड आहे तितकाच कागद आहे, आणि कागदाशी आपला संबंध आहे. म्हणून सर्वांनी हा लेख थोडा धीर धरून वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम आडात काय आहे ते पाहू. १९९५ च्या कायद्यानुसार १९९६ मध्ये केंद्र सरकारने तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन केले. देशी तंत्रज्ञान बाजारात आणू पाहणाऱ्या उद्योगांना सवलतीचे कर्ज देणे, हे त्याचे मुख्य काम. २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने खास लहान उद्योगांच्या संशोधनासाठी योजना काढली. २०१२ मध्ये याच क्षेत्रासाठी 'बायरॅक' ही स्वतंत्र संस्था आली आणि अगदी सुरुवातीच्या कल्पनेला पन्नास लाखांपर्यंत अनुदान देण्याची तिची योजना नावाजली गेली. २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया'ची सुरुवात झाली. त्याच वर्षी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा 'निधी' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील 'प्रयास' या योजनेत नमुना यंत्र तयार करण्यासाठी दहा लाखांपर्यंत रक्कम ठेवली गेली. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीजभांडवल योजना आली आणि तीत कल्पनेच्या चाचणीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. आपल्या राज्यानेही २०१८ मध्ये नवउद्योगांसाठी धोरण जाहीर केले. शेवटी जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. एक लाख कोटी म्हणजे एकावर किती शून्ये, हे मला कागदावर लिहून मोजावे लागले.

याखेरीज उद्योग सुरू करण्यासाठीच्या योजना वेगळ्या. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. २००८ पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, २०१९ पासून मुख्यमंत्र्यांच्या नावाचा तसाच राज्याचा कार्यक्रम आहे. त्यांत बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान मिळते. पिठाची गिरणी, मसाला कांडप, वेल्डिंगचे दुकान असे कितीतरी धंदे या पैशावर उभे राहिले आहेत. त्या योजनांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

परंतु या लांबलचक यादीचे दोन ढीग करून पाहावेत. एका ढिगात माहीत असलेला धंदा उभारण्यासाठी पैसा आहे. गिरणी बाजारात मिळते, ती घ्यावी, बसवावी, चालवावी. दुसऱ्या ढिगात नवे काही शोधण्यासाठी पैसा आहे, पण तो बहुधा अशा माणसासाठी आहे, की ज्याच्याकडे पदवी आहे, इंग्रजी आहे आणि इन्क्युबेशन सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे नवउद्योजकाला जागा, यंत्रसामग्री आणि सल्ला देणाऱ्या, केंद्राशी ओळख आहे. अशी नावाजलेली केंद्रे पवईच्या आय. आय. टी. मध्ये किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात आहेत. या दोन ढिगांच्या मधे मोकळी जागा राहते. आपल्या जिल्ह्यांतला कल्पक कारागीर नेमका त्या मोकळ्या जागेत उभा आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. पलूस तालुक्यात माझे आजोळ आहे. माझ्या मामांचे तेथे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. शिक्षण नववीपर्यंत. सांगली-तासगावचा बेदाणा सर्वांना माहीत आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोठ्या व्यापाऱ्यांकडे बेदाण्याचे देठ काढणारी व प्रतवारी करणारी मोठी यंत्रे असतात. लहान बागाइतदाराच्या शेडवर मात्र हे काम बायका जाळीवर हाताने चोळून करतात. दिवस मावळेपर्यंत त्यांच्या बोटांची कातडी निघते. मामांनी लहान शेडसाठी अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारे एक यंत्र बनवायला घेतले. पहिल्या ड्रमात बेदाणा फाटला. दुसऱ्या वेळी जाळी बदलली, तर देठ तसेच राहिले. तिसऱ्या वेळी निम्मे काम जमले. चौथ्या वेळेसाठी पैसे उरले नाहीत.

कर्जासाठी ते एका बँकेत गेले. तेथील साहेब भले होते. त्यांनी सांगितले, "मशीन घ्यायचं असेल तर कोटेशन आणा, लगेच बघतो." मामा म्हणाले, "साहेब, मशीन घ्यायचं नाही, करायचं आहे. अजून जे झालंच नाही, त्याचं कोटेशन कोण देणार?" साहेब हसले आणि त्यांचाही नाइलाज होता. पुढे कोणीतरी एका सरकारी योजनेचा अर्ज आणून दिला. मामांनी तो माझ्यापुढे ठेवला. "पोरी, तू कॉलेजला जातीस, ह्यात काय लिवलंय तेवढं सांग." बावीस पानांचा तो इंग्रजी अर्ज मी दोन रात्री शब्दकोश घेऊन वाचला. कल्पनेचे नावीन्य काय, बाजाराचा आकार किती, प्रतिस्पर्धी कोण, बौद्धिक संपदेची स्थिती काय, अठरा महिन्यांतील टप्पे कोणते, कंपनीचा नोंदणी क्रमांक काय! यांपैकी शेवटचा प्रश्न सोडला, तर बाकी सर्वांची उत्तरे मामांना ठाऊक होती. मी मराठीत विचारले तेव्हा त्यांनी ती घडाघडा सांगितली. बाजाराचा आकार तर त्यांनी गाववार शेडची संख्या मोजून सांगितला. परंतु त्या उत्तरांना त्या अर्जाची भाषा नव्हती, आणि कंपनी तर नव्हतीच. तो अर्ज गेला नाही.

मामांना आलेली अडचण ही एका माणसाची अडचण असती, तर मी ती येथे लिहिली नसती. तिच्यात एक नियम दडलेला दिसतो, म्हणून लिहिली. 'कोटेशन आणा' हे दोन शब्द म्हणजे आपल्या सगळ्या अर्थव्यवहाराचे सूत्र आहे. जे आधीच तयार आहे त्यासाठी पैसा मिळतो. जे व्हायचे आहे त्यासाठी तो मिळवायचा, तर तुम्ही आधीच शिकलेले, नोंदलेले आणि ओळखीचे असले पाहिजे. एक लाख कोटींच्या ज्या योजनेचा वर उल्लेख केला, तिचेही तसेच आहे. तंत्रज्ञानाची तयारी मोजण्याच्या नऊ पायऱ्या मानतात. त्यांपैकी चौथी पायरी गाठलेल्या प्रकल्पांपासून पुढे ही योजना लागू होते, आणि पैसाही मुख्यतः दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज किंवा भागभांडवल म्हणून, मधल्या निधिसंस्थांमार्फत जायचा आहे. मोठ्या प्रकल्पांना त्याची गरज असेलच. पण पहिल्या तीन पायऱ्या ज्याने त्याने आपल्या हिमतीवर चढायच्या. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो चढेल. बाकीच्यांचे काय?

याउलट एक जुना दाखला आपल्या अगदी घरचा आहे. माझे गाव खटाव तालुक्यात, म्हणजे औंधच्या शेजारी. आजोळ पलूस तालुक्यात, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारी. आज पहिले ठिकाण सातारा जिल्ह्यात आणि दुसरे सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु १९१० साली ही दोन्ही ठिकाणे एकाच औंध संस्थानात होती. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला सायकली विकत, दुरुस्त करीत. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची वेळ आली. म्हणजे जागा गेलेली, माल मोठ्या मुश्किलीने खपलेला, असा हा माणूस. आजच्या कोणत्याही कार्यालयात त्यांच्या अर्जावर काय शेरा पडला असता, याची कल्पना वाचकांनी करावी. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ दिला आणि कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, मोटा, पंप असे करत त्या कारखान्याचे पुढे काय झाले, ते सर्वांना माहीत आहे.

हे कर्ज देणारे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि घेणारे लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले होते. कलेच्या विद्यार्थ्याला यंत्रातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

राजाने जे केले ते आज सरकारने तसेच्या तसे करावे, असे मात्र मला म्हणायचे नाही. राजाची मर्जी ही ओळखीवर असते. लक्ष्मणरावांची आणि राजेसाहेबांची ओळख होती, म्हणून माळ मिळाला. ज्यांची ओळख नव्हती असे किती कारागीर त्याच संस्थानात हात चोळत बसले असतील, त्याची नोंद कोठे आहे? लोकशाहीत पैसा ओळखीने नव्हे तर नियमाने मिळाला पाहिजे, हे मान्य. परंतु नियम करताना राजाच्या त्या निर्णयातला गाभा सोडू नये. तो गाभा असा, की मदत यश आल्यावर मिळाली नाही. अडचणीच्या ऐन काळात मिळाली. आणि ती कागद पाहून नव्हे, तर माणूस आणि त्याचे काम पाहून मिळाली.

आपल्या भागाची कल्पकता काही किर्लोस्करांपाशी संपली नाही. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये काचकारखाना निघाला आणि तेथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला आणि पुढे तेथे डिझेल इंजिने झाली. तासगावकडच्या बागाइतदारांनी थॉम्पसन सीडलेस या परदेशी द्राक्षातून निवड करून तास-ए-गणेश ही जात काढली. मिरजेच्या कारागिरांनी शस्त्रे घडवणाऱ्या हातांनी सतार आणि तंबोरे घडवले, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यांपैकी कोणाकडे 'बाजाराचा आकार' लिहिलेला बावीस पानी अहवाल होता, असे वाटत नाही. मात्र त्या त्या वेळी कोणी ना कोणी पाठीशी उभे होते. कोठे संस्थानिक होते, कोठे भाऊबंद होते, कोठे सामान्य जनता होती. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने चाललेला पैसाफंड आठवावा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा झाला, आणि त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काचकारखाना उभा राहिला. तेथे माल तर होईच, पण नवे कारागीरही शिकून बाहेर पडत. स्वतःचे सरकार नसतानाही लोकांना हे सुचले होते. आता तर सरकार आपले आहे.

परदेशात काय चालते, तेही पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिका हा भांडवलदारांचा देश. तेथे सरकार उद्योगात पैसा घालत नाही, असा आपला समज असतो. पण तेथे १९७७ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्याने लहान उद्योगांच्या संशोधनासाठी एक प्रयोग सुरू केला. तो इतका उपयुक्त ठरला, की १९८२ मध्ये त्याचा कायदाच झाला. मोठे संशोधन-अंदाजपत्रक असलेल्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातील ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, असे त्यात होते. आरंभी तो हिस्सा अगदी अल्प होता. २०१७ पर्यंत तो वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर आला. या पद्धतीची खुबी तिच्या टप्प्यांत आहे. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते की नाही एवढेच पाहण्यासाठी थोडी रक्कम थोड्या मुदतीसाठी द्यायची. ती चालली तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम. तिसऱ्या टप्प्यात बाजारात उतरायचे ते स्वतःच्या बळावर. आज जगभर मोबाइलच्या क्षेत्रात नाव असलेल्या क्वालकॉम कंपनीला तिच्या लहानपणी या पैशाचा आधार मिळाला होता. आपल्याकडची २००५ ची योजना याच वळणाची होती, पण ती जैवतंत्रज्ञानापुरती राहिली. लोखंड, लाकूड आणि मोटर यांच्याशी झगडणाऱ्याला तीत जागा नव्हती.

आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या किती खर्च करतो? २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे अवघा ०.६४ टक्का. दक्षिण कोरियासारखा लहान देश चार टक्क्यांहून अधिक करतो. म्हणून खर्च वाढवा, अशी ओरड होते आणि ती योग्यच आहे. पण माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. आडातले पाणी वाढवल्याने आखूड दोराचा पोहरा भरत नाही. आधी दोर वाढवला पाहिजे.

येथे काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा, की अशा रीतीने गावोगाव पैसे वाटले तर ते खाल्ले जातील. आपल्याकडे विहिरी कागदावर खणल्या जातात, तशी यंत्रेही कागदावर होतील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेतही काही कंपन्या बाजारात काहीच न आणता केवळ अनुदानावर अनुदान मिळवत जगतात, अशी टीका झाली आहे. परंतु यावर उपाय म्हणून बावीस पानी अर्ज कितपत चालतो? ज्याला पैसे खायचे आहेत, तो एजंट गाठून बावीस काय, बावन्न पाने भरतो. कागदाची चाळण प्रामाणिक अडाण्याला अडवते आणि हुशार लबाडाला सोडते. त्यापेक्षा रक्कम लहान ठेवावी, एका माणसाला किती वेळा द्यायची याला मर्यादा घालावी, आणि पुढचा हप्ता देण्यापूर्वी कोणीतरी दुकानात जाऊन यंत्र चालू करून पाहावे. फिरणारा ड्रम खोटे बोलत नाही.

दुसरा आक्षेप, की बहुतेक प्रयोग फसतील आणि जनतेचा पैसा वाया जाईल. फसतील हे खरे आहे. पण फसलेला प्रयोग म्हणजे वाया गेलेला पैसा, ही समजूतच तपासली पाहिजे. मामांच्या पहिल्या ड्रमात बेदाणा का फाटला, हे जर कोठे लिहून ठेवले असते, तर दुसऱ्या गावातील दुसऱ्या कारागिराचा तेवढा खर्च वाचला असता. शास्त्रज्ञांचे फसलेले प्रयोग आपण संशोधन म्हणतो आणि वेल्डरचे फसलेले प्रयोग खुळेपणा म्हणतो. हा भेद कोणत्या न्यायाने?

तिसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे. जग संगणकाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागे धावत असताना बेदाण्याच्या देठांसाठी सरकारने पैसा द्यावा का? याला तंत्रज्ञान म्हणावे का? मला वाटते, तंत्रज्ञानाची प्रतिष्ठा ते किती नवे दिसते यावर न ठरवता ते कोणाचे कष्ट वाचवते यावर ठरवावी. जाळीवर बोटे सोलून घेणाऱ्या बाईला विचारा, की तिच्या लेखी नवे युग कशाने येईल.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी सरकारने कराव्यात आणि एक आपण करावी.

पहिली गोष्ट, पैसा लवकर आणि थोडा द्यावा. पन्नास हजार ते दोन लाख एवढी रक्कम चौथा ड्रम बनवून पाहायला पुरेशी असते. एवढ्यासाठी कंपनीची नोंदणी मागू नये. आधार कार्ड, दुकानाचा पत्ता आणि अर्धवट का होईना पण डोळ्यांना दिसणारे काम, एवढे पुरे. जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात नावीन्यपूर्ण योजना म्हणून तरतूद असते. तिचा छोटासा हिस्सा या कामासाठी बाजूला काढणे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट, अर्ज मराठीत आणि प्रसंगी तोंडी घ्यावा. तज्ज्ञांच्या समितीने अर्जदाराला पुण्या-मुंबईला बोलावण्याऐवजी वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी यावे. सांगलीला १९४७ पासून वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इस्लामपूरजवळ, कराडला आणि साताऱ्यालाही अशी महाविद्यालये आहेत. तेथील प्राध्यापक परीक्षक होतील. त्यांच्या विद्यार्थ्यांना खरीखुरी यंत्रे पाहायला मिळतील, हा आणखी एक लाभ.

तिसरी गोष्ट, फसण्याची मुभा असावी. ठरल्याप्रमाणे काम केले, हिशेब दिला, आणि तरीही यंत्र चालले नाही, तर त्या माणसाला चोर ठरवू नये. त्याने फक्त काय फसले ते सांगावे आणि ते लिहून सर्वांसाठी ठेवावे.

राहिली चौथी गोष्ट, ती आपली. वर म्हटल्याप्रमाणे या प्रश्नात लोखंडाइतकाच कागद आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या त्या पत्राचे पुढे मराठीतले एक मोठे मासिक झाले, आणि त्याच माळावरून 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकेही निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही शिक्षणकार्यात पूर्णपणे पडण्यापूर्वी ओगले, किर्लोस्कर, कूपर या कारखान्यांचा माल गावोगाव फिरून खपवला होता. तो फिरताना त्यांनी जो महाराष्ट्र पाहिला, तो पुढे रयतेच्या शिक्षणाला उपयोगी पडला. म्हणजे आपल्या भागात यंत्र आणि शब्द यांची कधी फारकत नव्हती. ती आपण केली. शास्त्र शाखा त्या इमारतीत, कला शाखा या इमारतीत, आणि गावातले वर्कशॉप कोणाच्याच इमारतीत नाही!

आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल मांडता येणार नाही का? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चालू असलेल्या योजनांची यादी करावी. कोणती बंद झाली, कोणती नवी निघाली, कोणासाठी आहे, शेवटची तारीख काय, हे साध्या मराठीत फळ्यावर लिहावे. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी अर्ज वाचून दाखवावा आणि भरून द्यावा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या अवघड शब्दांना लोकांच्या तोंडी बसतील असे प्रतिशब्द शोधावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील जुन्या कारागिरांचे, फसलेल्या आणि साधलेल्या प्रयोगांचे वृत्तांत लिहून काढावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एखादे वर्ष गावातल्या वर्कशॉपांची पाहणी करावी. याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. प्राध्यापकांची परवानगी आणि आपली इच्छा, एवढेच लागते.

आमच्यासारखी कितीतरी मुलेमुली घरातून प्रथमच महाविद्यालयात आली आहेत. आम्हाला सगळे विचारतात, "बी. ए. करून काय मिळणार?" नोकरीच्या बाजारात या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. सरकारच्या कागदाची भाषा आणि आमच्या घरची भाषा या दोन्ही समजणारी अशी पहिली पिढी आम्ही आहोत. आमच्या आधीच्यांना एकच येत होती. आमच्या नंतरच्यांना कदाचित दुसरीच तेवढी येईल. मधल्या या थोड्या वर्षांत जर आम्ही दोन्हींमध्ये उभे राहून दोर वाढवला नाही, तर आड भरलेला राहील, पोहरा रिकामा राहील, आणि दोष मात्र पुन्हा गावालाच दिला जाईल, की यांना पाणी ओढताच येत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सत्राच्या आरंभी हे टेबल कोठे मांडायचे, ते ठरवू या. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात जागा पुष्कळ आहे.